आभाळाला दारं असतात

काही वर्षांपूर्वी भोरच्या एका कविसंमेलनात मी एक कविता वाचली होती. जमिनीला कुंपणं आहेत, नदीला बांध आहेत, आभाळाला मात्र दार नाही, असा तिचा सूर होता. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर चहा घेताना पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ जवळ आले. निवृत्त वैमानिक होते. म्हणाले, "कविता आवडली. पण एक दुरुस्ती सुचवू का? आभाळाला दारं आहेत. चांगली सात आहेत. त्यातल्या काही दारांवर थांबून विचारावं लागतं, आणि होकार येईपर्यंत बाहेरच घिरट्या घालाव्या लागतात."

मी हसलो आणि विषय बदलला. कवीला दुरुस्ती कुठे आवडते? पण ते बोलणं मनात राहिलं असावं. कारण नंतर एका सकाळी, पोटात भीतीचा गोळा आला तेव्हा, मला पहिल्यांदा आठवले ते हेच गृहस्थ.

माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो, व्हिडिओ करतो. आता लग्नाच्या व्हिडिओत ड्रोन लागतोच. त्यानेही हप्त्यावर एक घेतला. एका नवरा-नवरीला डोंगरदऱ्यांचं चित्रण हवं होतं, म्हणून आम्ही रोहिड्याच्या बाजूच्या एका सोंडेवर गेलो. तो जरा बिचकत होता. "मामू, इथे उडवायला परवानगी लागत असेल का?" मी मोठ्या तोंडाने म्हणालो, "अरे, इथे कोण विचारतंय? ना विमानतळ, ना पोलीस चौकी. उडव बिनधास्त."

ड्रोन कड्यावरून सरळ पुढे दरीवर गेला. पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात घाटाच्या बाजूने घरघर ऐकू आली. एक हेलिकॉप्टर दरीतून येत होतं. आमच्या डोक्यावरून नव्हे, आमच्या पायांच्या पातळीवरून. वरचे पंखे आम्हाला वरून दिसत होते. भाच्याने घाईघाईने ड्रोन माघारी वळवला. हेलिकॉप्टर निघून गेलं. काही झालं नाही. त्यातल्या माणसांना ड्रोन दिसलासुद्धा नसेल. पण भाच्याचे हात बराच वेळ थरथरत होते, आणि 'इथे कोण विचारतंय' हे माझं वाक्य मला खाली उतरेपर्यंत टोचत राहिलं.

त्या रात्री मी त्या वैमानिकांना फोन केला. त्यांनी जे समजावलं, आणि पुढे मी स्वतः वाचून जे समजून घेतलं, ते आज तुम्हाला सांगणार आहे.

सुरुवात मालकीपासून करू. डिसेंबर १९४४मध्ये शिकागो इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरच्या आकाशावर पूर्ण सत्ता असते, हे त्याचं पहिलंच कलम. याच करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. तिने आकाशाची विभागणी सात वर्गांत केली. इंग्रजी बाराखडीच्या क्रमाने ए, बी, सी, डी, ई, एफ आणि जी. हेच ते सात दरवाजे.

ही विभागणी कशावर केली आहे, हे कळलं की बाकीचं सोपं होतं. दोन विमानांची टक्कर टाळायची जबाबदारी कुणाची, हा तिच्यामागचा मूळ प्रश्न आहे. जमिनीवरच्या नियंत्रकाची, की वैमानिकाच्या स्वतःच्या डोळ्यांची?

विमान चालवण्याच्या दोन रीती आहेत. एक डोळ्यांनी. खाली नदी, रस्ता, गड पाहत, ढगांपासून लांब राहून जायचं. दुसरी उपकरणांनी. बाहेर धुकं असो की काळोख, समोरच्या तबकड्या आणि नियंत्रकाच्या सूचना यांवर विसंबून जायचं. प्रवासी विमानं साधारणपणे दुसऱ्या रीतीने जातात. शिकाऊ विमानं आणि बरीचशी हेलिकॉप्टरं पहिल्या रीतीने.

आता दरवाजे पाहू. 'ए' वर्गात डोळ्यांनी उडणाऱ्याला प्रवेशच नाही. तिथे सगळे उपकरणांवर, आणि प्रत्येकाला दुसऱ्यापासून दूर ठेवायचं काम नियंत्रकाचं. 'बी'मध्ये दोन्ही रीतींना प्रवेश आहे, पण तिथेही सगळ्यांमधलं अंतर नियंत्रक सांभाळतो. 'सी'मध्ये डोळ्यांनी उडणाऱ्याला उपकरणांवरच्या विमानांपासून दूर ठेवलं जातं, मात्र त्याच्यासारख्याच दुसऱ्या विमानाविषयी नुसती खबर मिळते. 'डी'मध्ये ही जबाबदारी आणखी सरकते. डोळ्यांनी उडणाऱ्याला 'अमुक बाजूला अमुक विमान आहे' एवढं सांगितलं जातं. ते शोधायचं आणि चुकवायचं त्याने स्वतः.

या चारही वर्गांत शिरायला नियंत्रकाची आगाऊ परवानगी लागते आणि रेडिओवर सतत दुहेरी संपर्क लागतो. 'ई' वर्गात डोळ्यांनी उडणाऱ्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. नियंत्रक फक्त उपकरणांवरच्या विमानांना एकमेकांपासून लांब ठेवतो. 'एफ'मध्ये नियंत्रक हुकूम देत नाही, सल्ला देतो. आणि शेवटचा 'जी'. तिथे परवानगी नाही, अंतर राखून देणारं कुणी नाही. मागितलीच तर माहिती मिळते. बाकी तुम्ही आणि तुमचे डोळे.

हे आंतरराष्ट्रीय कोष्टक झालं. सातही वर्ग वापरलेच पाहिजेत, अशी सक्ती कोणत्याही देशावर नाही. भारताच्या वैमानिकांसाठी असलेल्या अधिकृत माहितीपुस्तिकेत डी, ई, एफ आणि जी हे वर्ग वर्षानुवर्षं वापरात राहिले आहेत. मोठ्या विमानतळांभोवतीचं आकाश 'डी', ठरलेल्या हवाई मार्गांपैकी काही 'ई' तर काही 'एफ', आणि उरलेलं सगळं 'जी'.

विमानतळाभोवतीच्या या नियंत्रित आकाशाचा आकारही गमतीचा असतो. आपल्या घरात मडक्यांची उतरंड असते ना, खाली मोठं मडकं आणि वर लहान? ती उलटी करून ठेवा. विमानतळाजवळ नियंत्रित आकाश थेट जमिनीपासून सुरू होतं. जसजसं लांब जावं, तसतसा त्याचा तळ वर वर सरकतो, आणि त्याच्याखाली मोकळी जागा उरते. त्यामुळे एकाच गावाच्या डोक्यावर, खाली एक नियम आणि वर दुसरा, असं असू शकतं.

आता आपल्याकडे या. भोर आणि वेल्हे, म्हणजे आता सरकारदरबारी राजगड तालुका. आमच्याकडे विमानतळ नाही, नियंत्रण मनोरा नाही. इथून सर्वांत जवळचं मोठं विमानतळ पुण्याचं, लोहगावचं. सरळ रेषेत भोरपासून पन्नासेक किलोमीटर. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी विमानं तिथे हवाई दलाच्या धावपट्टीवर उतरतात आणि त्यांच्याशी बोलणारा नियंत्रकही हवाई दलाचाच असतो. त्याच आकाशात लढाऊ विमानांचा सराव चालतो.

समजा, एखादा शिकाऊ वैमानिक छोट्या विमानातून दक्षिणेकडून पुण्याकडे येतो आहे. निघण्याआधी त्याने उड्डाणाचा आराखडा दिलेला असतो. आपल्या देशात आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक. आकाशात दिसणारा ठिपका आपला की परका, हे हवाई दलाला ओळखता यावं, म्हणून. विमानात एक यंत्र असतं, त्यात नियंत्रकाने दिलेला चार आकडी क्रमांक लावायचा, म्हणजे रडारवर विमान ओळखू येतं. रेडिओ बंद पडला तर ७६००, संकट आलं तर ७७००, अपहरण झालं तर ७५००, हे आकडे जगभर सारखेच.

नियंत्रित आकाशाच्या सीमेबाहेर असतानाच तो रेडिओवर हाक देतो. मी कोण, कुठे आहे, किती उंचीवर आहे, मला काय हवं आहे. पलीकडून "थांबा" असं उत्तर आलं, तर ती परवानगी नव्हे. आपल्याला ऐकू आलं म्हणजे आत बोलावलं, असं नाही. स्पष्ट परवानगी मिळाली की ती शब्दशः परत म्हणून दाखवायची, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर तिथेच पकडली जाते. दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ४६० किलोमीटरच्या आत ठेवायचा. आणि हवामानही तसं हवं. डोळ्यांनी उडायचं तर समोरचं किमान ५ किलोमीटर दिसलं पाहिजे, दहा हजार फुटांच्या वर गेल्यास ८ किलोमीटर. ढगापासून आडवं १५०० मीटर आणि उभं ३०० मीटर दूर राहायचं. कारण ढगातून दुसरं विमान बाहेर आलं, तर ते दिसून वळायला तेवढी जागा हवी.

हे ५ किलोमीटर म्हणजे किती, हे मी माझ्या पद्धतीने मोजलं. आमच्या गच्चीवरून रोहिडा सरळ रेषेत साधारण सहा किलोमीटर. म्हणजे रोहिडा धूसर होत दिसेनासा झाला, की डोळ्यांनी उडणाऱ्याचं दार जवळजवळ बंद झालं समजायचं. आषाढात आमच्याकडे असे दिवसच्या दिवस जातात.

आता 'जी' वर्ग. आमच्या दऱ्यांसारख्या, विमानतळापासून लांबच्या प्रदेशात जमिनीलगतचा थर साधारणपणे या वर्गात मोडतो. नेमकी सीमा वैमानिकाने नकाशावरच पाहायची. इथे खालच्या थरात नियम सैल आहेत. ५ किलोमीटर दिसावं, ढगात शिरू नये, जमीन नजरेत असावी. डोळ्यांनी उडताना गावं-शहरं सोडून इतरत्र जमिनीपासून किमान ५०० फूट, आणि दाट वस्तीवर आसपासच्या सर्वांत उंच अडथळ्याच्याही १००० फूट वर राहावं. बस्स. कुणाला विचारायची गरज नाही.

इथेच माझी चूक झाली होती. परवानगी लागत नाही, याचा अर्थ मी 'कुणी नाही' असा घेतला. खरा अर्थ उलटा आहे. परवानगी लागत नाही, कारण तिथे तुमच्यासाठी दुसरं कुणी बघत नाही. वरच्या वर्गांत जबाबदारी वाटून घेतलेली असते. 'जी'मध्ये ती सगळी तुमच्या एकट्याच्या खांद्यावर असते.

हे वर्ग हौसेने पाडलेले नाहीत. ३० जून १९५६ला अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर झाली आणि १२८ माणसं गेली. दोन्ही विमानं अनियंत्रित आकाशात होती. दोघांनीही एकमेकांना बघून चुकवायचं होतं. ढगांच्या आडोशात ते जमलं नाही. त्यानंतर तिथली हवाई नियंत्रणाची सगळी घडी नव्याने बसवली गेली.

पण दारावर पहारा बसवला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. १२ नोव्हेंबर १९९६ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली. ते आकाश नियंत्रित होतं. एकाला १४ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, दुसऱ्याला १५ हजारांवर. वरचं खाली आलं. तेव्हा दिल्लीच्या आकाशाचा मोठा भाग हवाई दलाकडे होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नागरी विमानांना एकच मार्ग होता. पुढे ते मार्ग वेगळे केले गेले आणि टक्करीची सूचना देणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं.

आमच्या जिल्ह्याचीही एक आठवण आहे. जुलै १९६२मध्ये मध्यरात्री मुंबईकडे येणारं अलितालिया कंपनीचं विमान जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर आदळलं. ९४ माणसं होती, कुणीही वाचलं नाही. आपण मुंबईच्या जवळ आलो, असा वैमानिकाचा चुकीचा अंदाज झाला आणि ठरलेल्या किमान सुरक्षित उंचीच्या खाली तो लवकर उतरला. सह्याद्री अंधारात दिसत नाही. 'जमिनीपासून किती उंच' आणि 'समुद्रसपाटीपासून किती उंच' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि डोंगराळ मुलखात त्या दोन्हींची उत्तरं हाताशी असावी लागतात.

हाच प्रश्न मला परत माझ्या भाच्याच्या ड्रोनकडे घेऊन आला. २०२१च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे आणखी तीन भाग केले आहेत. हिरवा, पिवळा आणि लाल. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. त्याच्या वर पिवळा भाग, तिथे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. हिरवा कुठे आणि लाल कुठे, हे सरकारच्या ऑनलाइन नकाशावर पाहायचं, आणि उडवायच्या दिवशी पाहायचं, कारण थोड्या काळासाठीही एखादा भाग लाल करता येतो. ड्रोनची नोंदणी करून क्रमांक घ्यायचा. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालक-प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला हौसेसाठी लागत नाही, पण पैसे घेऊन काम करायचं तर लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण हवं. भाच्याचा ड्रोन अडीचशे ग्रॅमहून जड होता आणि तो लग्नाचे पैसे घेत होता. त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं. मी त्याला ते विचारलंही नव्हतं.

आता ४०० आणि ५०० हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ड्रोनचं छत ४०० फुटांवर, विमानाची जमीन ५०० फुटांवर. मधे शंभर फुटांची मोकळी जागा. सपाट मैदानावर हा हिशेब चोख बसतो. पण आमचा मुलूख सपाट नाही. राजगड आणि तोरणा समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फुटांच्या आसपास. कड्याखालची जमीन दीड-दोन हजार फूट खोल. ड्रोन कड्यावरून सोडला की बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर उंची दिसते ती सोडल्या जागेपासूनची. भाच्याच्या पडद्यावर 'शंभर फूट' दिसत होतं. तो खुशीत होता. पण ड्रोन दरीवर गेल्यावर त्याच्या खालची जमीन कितीतरी खोल गेली होती. आपण हिरव्या भागात आहोत असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात हेलिकॉप्टरच्या वाटेवर तो आपलं खेळणं टांगून बसला होता. नियम मोडायचा त्याचा हेतू नव्हता. आमच्या डोंगराने तो त्याच्याकडून मोडवून घेतला.

शिवाय, माणसं असलेल्या विमानाला वाट देणं हे ड्रोनवाल्याचं काम आहे, हे नियमांत स्पष्ट आहे. कारण हेलिकॉप्टरमधल्या माणसाला वीतभर ड्रोन दिसणं कठीण. आपल्याला मात्र हेलिकॉप्टरचा आवाज आधी येतो. ज्याला आधी कळतं, त्याने बाजूला व्हायचं.

२०२५मध्ये राजगडाचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी वाढेल, ड्रोनही वाढतील. गडावर चित्रण करायचं तर तिथल्या खात्याची परवानगी हा आणखी वेगळा विषय आहे. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नवं विमानतळ करायचं घाटतं आहे. ते झालं, तर आमच्या डोक्यावरची उलटी उतरंड नव्याने मांडली जाईल. आज जी हवा मोकळी वाटते, ती उद्या तशी नसेल. नकाशा पाहायची सवय आत्तापासूनच लावलेली बरी.

रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर जमून चंद्र शोधतो. एका वर्षी एक पोरगं "दिसला, दिसला" म्हणून ओरडलं. पाहिलं तर मावळतीच्या उन्हात चमकणारं विमान होतं. सगळे हसलो. तेव्हा त्या ठिपक्याकडे पाहून मला नुसतं मोकळं आभाळ सुचलं असतं. आता कळतं, की त्या क्षणी तो वैमानिक कुणाशी तरी बोलत असेल, मिळालेला आकडा परत म्हणून दाखवत असेल, आणि त्याच्या खाली-वर किती अंतर आहे हे जमिनीवरचं कुणीतरी मोजत असेल.

भाच्याने पुढच्या सुट्टीत प्रशिक्षण घेतलं. खर्च बराच आला. निम्मा मी दिला, कारण 'उडव बिनधास्त' मीच म्हणालो होतो. आता तो कड्यावरून ड्रोन पुढे नेताना उताराबरोबर खाली उतरवत नेतो. जवळ दुसरा मुलगा उभा करतो, त्याचं काम एकच, आवाज ऐकायचा. आणि कामाच्या दिवशी पहाटे मला फोन करतो. सलाम-दुवा झाला की त्याचा पहिला प्रश्न असतो, "मामू, जरा गच्चीवर जाऊन सांगा ना, रोहिडा दिसतोय का?"

मी चप्पल घालून वर जातो.